मधल्या मारुतीजवळचं झाकणांचं दुकान: जाताना बाटली सोबत न्या

दुकानाला नाव असणारच, पण ते मला आजवर वाचता आलेलं नाही. दारावरच्या पत्र्यावर 'बरण्या, बाटल्या, बुचे, झाकणे' एवढंच दिसतं. मालकाचं नाव जिथं असावं तिथं पाच लिटरच्या कॅनची माळ कायमची टांगलेली असते. मधल्या मारुतीच्या मागच्या बोळात शिरून 'झाकणवाले कुठं बसतात' म्हणून विचारलं की कुणीही हात करून दाखवतं. सोलापुरात बाटल्या विकणारे पुष्कळ आहेत. बाटली न घेता नुसतं झाकण, तेही हवं तर एकच, देणारं माझ्या माहितीतलं दुकान हे एवढंच. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढं येईल.

आधी माझी गरज सांगते, म्हणजे माझं मत कुणाच्या कामाचं ते कळेल. मी जुळे सोलापुरात घरून शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं सरबत आणि उन्हाळ्यात कैरीचं पन्हं करून विकते. चटणी बरणीत, बाकी बाटलीत. माल कितीही चांगला असू दे, गिऱ्हाईकाच्या पिशवीत बाटली गळली की पुढच्या वेळी त्यांचा फोन येत नाही. भाची पुण्याला जाताना चटणीच्या बरण्या बॅगेत घालून नेते, आणि कपड्यांना तेल लागलं की तीही मावशीला सोडत नाही. त्यामुळं झाकण घेताना मी कांदे-बटाटे घेण्यापेक्षा जास्त वेळ घालवते. घरचे हसतात. हसू देत.

मालक साठीचे असतील, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गल्ल्याशेजारी त्यांच्या आई बसतात, त्या अव्वा. गिऱ्हाईकाशी मराठी, आईशी कानडी, माल उतरवणाऱ्या पोराशी तेलुगू, असं एकाच दमात चालू असतं. सोलापूरकरांना यात सांगण्यासारखं काही वाटायचं नाही, बाहेरच्यांसाठी लिहिलं.

झाकण मागितलं की पहिला प्रश्न येतो, "बाटली आणलाव का?" नाही म्हटलं की, "मग तोंड बघितल्याशिवाय कसं देऊ ओ अक्का?" इथं बरेच लोक वैतागून परत जातात. एका तरुण मुलानं मोबाईलवर बाटलीचा फोटो दाखवला होता, त्यावर अण्णा म्हणाले, "फोटोत रंग कळतो, माप कळत नाही." मुलगा तणतणत गेला. माझ्या मते अण्णांचं बरोबर होतं, फक्त सांगायची पद्धत जरा गोड असती तर बिघडलं नसतं.

झाकणाचं चपलेसारखं आहे, नंबर जुळला तरी पायात नीट बसेल असं नाही. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीच्या तोंडाचा व्यास २८ मिलिमीटर. एवढं समजलं की आपण '२८ चं द्या' म्हणून मोकळे होतो. पण त्या २८ मध्येच उंच मान आणि बुटकी मान असे दोन प्रकार आहेत. जुन्या मापाला धंद्यात पीसीओ १८१० म्हणतात, नव्याला १८८१. प्लास्टिक वाचावं म्हणून मान २१ मिलिमीटरवरून १७ वर आणली, आणि त्यात आट्यांची चालही, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतरही बदललं. म्हणून उंच मानेचं झाकण बुटक्या मानेच्या बाटलीवर फिरतं, घट्ट बसल्यासारखं वाटतं, आणि बाटली आडवी ठेवली की थेंब थेंब सुरू होतं. अण्णांच्या टेबलावर एका लाकडी फळीला वेगवेगळ्या बाटल्यांच्या कापलेल्या माना खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. तुमची बाटली त्या मानांशेजारी धरायची, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावायचा, मग मागच्या खोक्यातून झाकण यायचं. ते तुमच्यासमोर बसवून, बाटलीत पाणी घालून, उलटी धरून दाखवतात. ही उलटी धरून दाखवायची सवय मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिलेली नाही.

पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचं माप पुन्हा वेगळं. त्यातल्या एका तोंडाला धंद्यात 'अलास्का' म्हणतात. एप्रिलच्या उन्हात, पारा चाळिशीच्या वर असताना, त्या बोळात उभं राहून 'अलास्का द्या' म्हणायचं. तेवढाच गारवा.

कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या आट्यांना मध्ये मध्ये उभ्या खाचा असतात, त्या तुम्हीही पाहिल्या असतील. झाकण पूर्ण सुटायच्या आत दाबलेला गॅस त्या खाचांतून निघून जातो, नाहीतर झाकण उडून डोळ्यावर बसेल. माझ्या सरबतात गॅस नसतो. पण पन्हं उन्हात राहून आंबलं की त्यात गॅस धरतो, बाटली फुगते, आणि खाचा नसलेल्या तोंडाचं झाकण उघडताना फटकन सुटतं. म्हणून पन्ह्यासाठी अण्णा मला खाचांच्या आट्यांचीच बाटली घ्यायला लावतात. बाटली ते स्वतः विकत नाहीत असं नाही, विकतात, पण 'तुमच्याकडं आहे ती चालेल' असंही बऱ्याचदा सांगतात. दुकानदाराच्या तोंडून हे ऐकायला बरं वाटतं.

आता वॅड. झाकणाच्या आत जी गोल चकती असते तिला वॅड म्हणतात, आणि माझ्या चटणीचं सगळं गणित तिच्यावर अवलंबून आहे. स्वस्त झाकणात पुठ्ठ्याची चकती असते. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली की तेल सोडते, ते तेल वर येऊन पुठ्ठ्यात मुरतं, आणि काही आठवड्यांत चटणी चांगली असूनही बरणी उघडताना खवट वास येतो. गिऱ्हाईक चटणीलाच नाव ठेवतं. अण्णांनी मला पांढऱ्या फोमचे वॅड दिले. तेल धरत नाहीत, दाबले की परत फुगतात. झाकणामागं काही पैसे जास्त जातात, ते मी किमतीत धरते.

त्याच्या वरचा प्रकार म्हणजे फॉइलचा वॅड. बरणी भरून, झाकण लावून, त्यावर इस्त्रीसारखं दिसणारं एक हातातलं मशीन क्षणभर टेकवायचं. मशीनमधल्या चुंबकीय क्षेत्रानं झाकणाआतली फॉइल तापते, तिच्या खालचा प्लास्टिकचा थर वितळतो आणि बरणीच्या काठाला चिकटतो. झाकण काढलं तरी चंदेरी पापुद्रा राहतो, तोच सील. हे प्लास्टिकच्या झाकणावरच चालतं. पत्र्याचं झाकण असेल तर आधी तेच तापतं. आणखी एक अट म्हणजे बरणीच्या काठावर तेलाचा बोटभरही माग असता कामा नये, नाहीतर पापुद्रा अर्धवट चिकटतो. बरणी कुठल्या प्लास्टिकची आहे त्याप्रमाणं फॉइलही वेगळी लागते, हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. अण्णा मागच्या खोलीत सील मारून देतात, बरणीमागं दोन रुपये घेतात. मी भरलेल्या बरण्या रिक्षात घालून आणते, काठ पुसायला मऊ कापड घरून नेते. सणाच्या दिवसांत हे काम ते घेत नाहीत, आधी विचारून जा.

काचेच्या बरणीला पत्र्याचं झाकण लावणार असाल तर वेगळा विचार करा. पाव वेढा फिरवून बसणारी झाकणं, ज्यांच्या मध्यभागी फुगीर बटण असतं, ती जॅम किंवा गरम भरायच्या पदार्थाला उत्तम. पदार्थ कडकडीत असताना भरून झाकण लावलं की निवताना आत निर्वात होतं आणि बटण टक् करून आत जातं. पुढं कधी बटण वर आलेलं दिसलं तर तो पदार्थ खायचा नाही. पण लिंबाच्या लोणच्याला ही झाकणं अण्णा देत नाहीत, मागून बघा. मीठ आणि आंबटपणा मिळून आतला रंगाचा थर खातात, मग गंज धरतो. शेजारच्या काकूंनी हट्टानं दुसरीकडून आणली, पावसाळा संपायच्या आत त्यांच्या लोणच्यात तांबूस कडं दिसलं.

औषधाच्या आणि दारूच्या बाटल्यांवर जी ॲल्युमिनियमची, फिरवल्यावर खालची कडी तुटणारी झाकणं असतात, ती मागायला फार लोक येतात. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं भरून ठेवायला घरात मिळेल ती बाटली लागते. सभ्य माणसाच्या फ्रिजमध्येसुद्धा रमची बाटली पाणी भरून उभी असते. तिचं झाकण हरवलं की मंडळी अण्णांकडं येतात. अण्णा त्यांना कोरं झाकण हातात देऊन दाखवतात. आतून गुळगुळीत, आटा एकही नाही. हे झाकण कारखान्यात बाटलीवर घालून बाहेरून रोलरनं दाबतात, तेव्हा बाटलीच्या आट्यांचा ठसा त्याच्यावर उमटतो. म्हणजे सुटं घेऊन घरी काही उपयोग नाही. मग ते त्या बाटलीला प्लास्टिकचं दाबून बसवायचं बूच देतात, पाच रुपयांत काम होतं.

सोड्याच्या बाटलीचं दाते असलेलं पत्र्याचं बूच, ज्याला आम्ही लहानपणी बिल्ला म्हणायचो, ते इथं कोरं मिळतं आणि ते मारायचं हाताचं मशीन अनामत ठेवून भाड्यानं मिळतं. लिंबाच्या सरबताच्या काचेच्या बाटल्यांना मी हेच वापरते. दिसायला जुन्या वळणाचं दिसतं, लग्नाच्या घरचे लोक खूश होतात. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यानं १८९२ मध्ये याचं पेटंट घेतलं. सुरुवातीला त्याला २४ दाते होते, आता २१ असतात, हवं तर मोजून बघा. आत तेव्हा खऱ्या कॉर्कची चकती असायची, आता प्लास्टिकचा थर असतो. हा पेंटर आपल्या एका विक्रेत्याला सांगायचा म्हणे, की लोक वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी काढ. विक्रेत्याचं नाव किंग कॅम्प जिलेट. त्यानं पुढं दाढीची पाती काढली. आपल्याकडं मात्र त्या फेकायच्या बुचालाही कुणी लगेच फेकलं नाही, ते पुढं सांगते.

हाताच्या मशीनबद्दल दोन गोष्टी. बाटलीची उंची बदलली की मशीनचा दांडा वर-खाली करून घ्यावा लागतो, घाईत दाबलं तर काचेचा ओठ फुटतो. आणि फिरवून उघडायच्या बाटलीवर हे बूच मारायचा प्रयत्न करू नका, त्याला ओठ जाड लागतो. बूच नीट बसलं की नाही ते बघायला अण्णांकडं भोक पाडलेली एक लोखंडी पट्टी आहे, दाबलेलं बूच त्या भोकातून गेलं पाहिजे. तिच्यासारखी पट्टी मी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली.

गोटी सोड्याला झाकणच नसतं, गोटीच झाकण. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आतला गॅस गोटीला वर रबरी कड्याशी दाबून धरतो. हे कडं झिजलं की बाटली निकामी होते, आणि ती कडी अण्णांकडं मिळतात. गाडीवाले संध्याकाळी घ्यायला येतात, आणि उन्हाळ्यात त्यांची रांग तुमच्याआधी संपते. मला एकदा ताटकळत ठेवल्याबद्दल अव्वांनी त्यातल्या एकाकडून थंड सोडा मागवून दिला, तेव्हा मीही फार बोलले नाही.

दुकानाचा मला सगळ्यात आवडणारा कोपरा म्हणजे दाराशेजारची पोती. एकात वापरलेले पत्र्याचे बिल्ले, दुसऱ्यात प्लास्टिकची जुनी झाकणं, दोन्ही किलोवर. कोण घेतं म्हणून मी सहज विचारलं, तर उत्तर लांबत गेलं.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरायच्या आधी दुकानं आणि पाळणे उभारणारे बिल्ले घेऊन जातात. ताडपत्रीवर नुसता खिळा ठोकला की वाऱ्यानं ताडपत्री खिळ्यातून फाटत निघते. खिळ्याखाली बिल्ला ठेवून ठोकला की त्याचा वायसर होतो, दाते कापडाला धरून ठेवतात. पत्र्याच्या शेडला, बांबूच्या कुडाला, कोंबड्यांच्या जाळीलाही तेच. भाव वायसरच्या कितीतरी खाली. जुन्या वाड्यात दगडी पायरीशेजारी फळीवर बिल्ले उलटे ठोकून पायांचा चिखल खरवडायला ठेवलेले मी पाहिलेत. दाते वर येतात, चिखल निघतो. अनवाणी पाय ठेवला तर बोंब.

भजनी मंडळातले एकजण त्यातलेच घेऊन तारेत ओवतात, लाकडी दांड्याला लावतात, झांजेसारखं वाजतं. शाळेतल्या बाई हस्तकलेच्या तासासाठी नेतात. आमच्या लहानपणी बिल्ला रुळावर ठेवून किंवा दगडानं ठेचून सपाट करायचा, मध्ये दोन भोकं पाडायची, दोरा ओवून दोन्ही हातांनी ओढायचा, की भिरभिर आवाज करत फिरायचा. कडा इतक्या धारदार व्हायच्या की दोरा तुटला तर कुणाच्या गालावर जाईल सांगता यायचं नाही. आता माझ्या नातवाला मी तो देणार नाही. (त्याला मोबाईल देते, ते कुणाला धारदार वाटत नाही.)

प्लास्टिकच्या झाकणांच्या पोत्यातून मी स्वतः घेते. यातले जे उपयोग खरंच टिकाऊ निघाले तेवढेच सांगते, कारण इंटरनेटवर झाकणांचे उपयोग म्हणून जे दाखवतात त्यातलं निम्मं बनवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नवी वस्तू आणून होते. झाकणांचे कानातले, झाकणांचं घड्याळ, झाकणांचा मोर. मोर मी केला नाही, करणारही नाही.

डाळीच्या पिशवीचं तोंड मात्र करून बघा. कोल्ड्रिंकच्या बाटलीची मान आट्यांखालच्या गळपट्टीपाशी करवतीनं कापायची, कड घासून घ्यायची. प्लास्टिकची पिशवी त्या मानेतून खालून वर ओढायची, तोंड बाहेर उलटवून आट्यांवर बसवायची आणि वरून झाकण फिरवायचं. मुंग्या जात नाहीत, पावसाळ्यात तूरडाळ सादळत नाही, आणि ओतताना धार नीट पडते. साखर, रवा, मोहरी सगळ्याला चालतं. गुळाच्या खड्यांना नाही.

तुळशीला मी बाटली उलटी खोचते, झाकणाला सुईनं भोक पाडून. भोक गरम सुईनं पाडा, खिळ्यानं पाडलं तर झाकण तडकतं. पाणी फार जोरात गेलं तर बाटलीच्या बुडाला भोक आहे का बघा, तिथून हवा शिरत असेल तर थेंबाची धार होते. बूड बंद ठेवून आट्यांनी वेग जमवता येतो. पाणी न येणाऱ्या दिवसांत कुंड्या यावर तग धरतात.

रांगोळी घालणाऱ्या बायका छिद्रांची झाकणं अण्णांकडून घेतात. बाटलीत रांगोळी, झाकणाला एक ओळीत पाच बारीक भोकं, हात फिरवला की पाच रेघा एकदम. सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर रांगोळ्या घालतात, त्या दिवसांच्या आधी ही झाकणं लवकर संपतात. भोकं अण्णा स्वतः पाडून देतात, जाड रांगोळीला वेगळं, बारीक रंगाला वेगळं. रंग दमट असेल तर भोकं बुजतात, त्याला अण्णांचा इलाज नाही, उन्हात वाळवून घ्या.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काम करणारे आमच्या गल्लीतले दादा छोट्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यातून तेल देतात. चादरीवर तेलाचा डाग पडला की माल दुय्यम होतो, त्यामुळं थेंबच पडला पाहिजे, धार नको. यासाठी ते मुद्दाम अण्णांकडचं टोकदार नळीचं झाकण घेतात, ज्याच्या टोकाला आपल्याला हवं तेवढं कापता येतं.

एका बाबतीत अण्णा कडक आहेत आणि मला ते पटतं. कुणी फिनाईल किंवा ॲसिड सुटं भरायला कोल्ड्रिंकचं झाकण मागितलं तर देत नाहीत. "पोरगं पिऊन बसलं तर?" असं विचारून दाबून फिरवायचं झाकण आणि त्याची बाटली पुढं ठेवतात. ते झाकण लहान मुलाला सहसा उघडत नाही. महाग पडतं म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. काही निघूनही जातात. औषधाच्या मापाचंही तसंच, २.५, ५ आणि १० मिलीच्या रेघा असलेली टोपणं त्यांच्याकडं सुटी मिळतात, तीच घ्या. कुठल्याही बाटलीच्या झाकणानं औषध मोजणं बंद करा.

पोत्यात उरलेली झाकणं शेवटी भंगारात जातात. भंगारवाले बाटली आणि झाकण वेगळं मागतात, कारण प्लास्टिक वेगळं. बाटली पीईटीची, झाकण एचडीपीई नाहीतर पीपीचं. दोन्हीचा चुरा पाण्यात टाकला की झाकणाचा तरंगतो, बाटलीचा बुडतो. घरी बादलीत तुकडे टाकून बघा. झाकणं रस्त्यावर सुटून पडतात म्हणून युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांना झाकण जोडलेलंच ठेवावं लागतं. जर्मनीत असलेला पुतण्या म्हणतो, पिताना ते नाकाला लागतं. अण्णांना हे सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते, "मग माझं दुकान बंद की ओ."

आता कापलेला तारा.

शाळेच्या बाटल्यांची सिपरची झाकणं इथली घेऊ नका. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आयांची गर्दी होते, कारण पोरं बाटली आणतात आणि झाकण शाळेत सोडतात. अण्णांकडं त्यांची झाकणं आहेत, पण प्लास्टिकला वास येतो आणि नळीच्या मुळाशी पाणी झिरपतं. मी तक्रार केली तर म्हणाले, माल असाच येतो. मग ठेवू नका ना! बाकी सगळ्या झाकणांना उलटं धरून दाखवणारा माणूस इथंच का गप्प बसतो कळत नाही. त्यापेक्षा स्टीलच्या बाटलीचं झाकण गळत असेल तर आतलं सिलिकॉनचं कडं बदलून घ्या. ते काम अण्णा छान करतात, जुनं कडं चिमट्यानं काढून, खाचेतली घाण पुसून, नवं बसवून. अर्ध्या वेळा घाणीमुळंच गळत असतं आणि ते कडं न बदलता नुसतं साफ करून परत देतात, पैसे घेत नाहीत.

दुसरी तक्रार, पत्र्याच्या बटणवाल्या झाकणांना किमान एक डझन घ्यावं लागतं. एकच बरणी असलेल्या बाईनं काय करायचं? तिसरी, पन्नास रुपयांच्या आत ऑनलाइन पैसे घेत नाहीत, आणि सुटे नसले की अव्वा चिंचेच्या गोळ्या देतात. चौथी पार्किंगची, पण ती त्या भागात कुणाच्याही दुकानाची असेल, अण्णांच्या नावावर घालत नाही. दुचाकी लांब लावा आणि चालत जा.

'सगळ्या बाटल्यांना बसणारं' म्हणून ऑनलाइन जी ताणली जाणारी सिलिकॉनची टोपणं मिळतात, ती मी आधी मागवली होती. उभ्या बाटलीवर धूळ जाऊ नये एवढ्यापुरती ठीक. बाटली आडवी केली की संपलं, आणि पन्ह्याचा वास त्यांना लागला तो जाता जात नाही. तेवढ्या पैशांत अण्णांकडून मापाची झाकणं वर्षभर पुरतात. वापरलेल्या झाकणांबद्दलही एक सांगते. खालची कडी तुटलेलं झाकण घरी पाण्याला चालेल, विकायच्या मालाला नाही. तुटलेली कडी बघून गिऱ्हाईक बाटली आधीच उघडलेली समजतं, आणि त्यांचं चुकत नाही.

दुकान सकाळी दहाच्या पुढं उघडतं, दुपारी जेवायला बंद, संध्याकाळी गाडीवाले यायच्या आत गेलात तर अण्णांना बोलायला वेळ असतो. वीस लिटरच्या जारचं झाकण हवं असेल तर जार नेऊ नका, त्याचं तोंड ठरलेलं असतं, नुसतं सांगितलं तरी चालतं. बाकी सगळ्याला बाटली न्या, आणि धुऊन न्या. तेलकट बाटली अण्णा हातात घेत नाहीत, शेजारच्या नळावर पाठवतात, आणि नळाला पाणी असेलच असं नाही.